दोन दिवसांची एकच भरती

अंधेरी (पूर्व),
८ नोव्हेंबर १९८७

ती. तुळशीदासमामांस,
नलिनीचा नमस्कार.

भाऊबीजेला आमच्याकडे जेवताना तुम्ही विचारलंत, "तुझी ती मशीन भरती-ओहोटी सांगेल का गं?" आईने हसून उडवलं. तिच्या मते भावाला सगळंच फुकटात हवं असतं. पण मी ते डोक्यात ठेवलं होतं.

आमच्या कंपनीत बारा जण आणि तीन मशीन. परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहितो. प्रोग्रॅम म्हणजे मशीनने काय काय करायचं त्याची ओळीने लिहिलेली यादी. शनिवारी अर्ध्या दिवसाने ऑफिस सुटलं की मशीन रिकामी असतात. नंदकुमारसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, मामाचं काम आहे ना, मग कर, फक्त कागद जपून वापर.

तेव्हा आता तुम्ही कामाला लागा. पेपरात रोज भरतीची वेळ छापून येते, ती तुम्हाला का पुरत नाही ते लिहा. आणि तुम्ही वेळ कशी काढता तेही लिहा. आई म्हणते, तुळशीदास बोटांची पेरं मोजतो आणि सांगतो. पेरं मशीनला नसतात. मला नियम हवेत, आणि ते सगळे हवेत. मशीन फार आज्ञाधारक असते, पण सांगितलं नाही ते तिला सुचत नाही.

मामीला आणि रामचंद्रदादाला नमस्कार.

तुमची,
नलिनी

---

मनोरी,
१५ नोव्हेंबर १९८७

चि. नलिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या आईला सांग, फुकटात मागतो म्हणून तर भाऊ.

पेपरातली वेळ मुंबई बंदरची. पेपर आमच्याकडे मार्व्याहून फेरीबोटीने येतो, तोवर निम्मी भरती होऊन गेलेली असते. शिवाय आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. त्याच्यावर पुरतं पाणी चढल्याशिवाय बोट बाहेर पडत नाही. ते पाणी कधी चढतं, हे पेपरात कोण लिहिणार?

आता नियम. तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पुनव-अवसेला बाराच्या आसपास. इतकं आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. उधाणाच्या दिवसांत दांड्यावर भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास पाणी असतं. अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा पाण्याला जोर नसतो, म्हणून दीड-दीड तासच धर.

एक अडचण आहे. महिन्यातून एखादी तिथी मोडते. पंचांगात तिला क्षय म्हणतात, एकाच दिवसात दोन तिथी उरकतात. त्या दिवशी पाऊणपट चालत नाही. मी पाणी बघून सांगतो. कसं बघतो ते मला लिहिता येणार नाही.

तक्ता कोणासाठी हवा तेही सांगतो. आमच्या मच्छीमार संस्थेची एक बर्फाची बोट आहे. बाहेर मासे धरणाऱ्या मोठ्या बोटींना ती बर्फ देऊन येते आणि मासळी घेऊन परत येते. तिच्यावर दशरथ म्हणून ड्रायव्हर आहे. मूळचा देवगडकडचा, पण वीस वर्षं लालबागला गिरणीत फिटर होता. संपात गिरणी गेली आणि हा इथे आला. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगतो, पण समुद्र त्याच्या अंगवळणी पडलेला नाही. बायको सुलक्षणा आणि एक मुलगी यांच्यासह संस्थेच्या खोलीत राहतो. सरळ माणूस. निघायची वेळ तो मला विचारतो, आणि मी गावात नसलो की अडून बसतो. मी संस्थेचा चेअरमन असलो तरी काही जन्मभर ओट्यावर बसून राहणार नाही.

बैठकीत विषय काढला तर अंजनाबाई म्हणाली, "भरती कागदावर येतंय, तर मासली पन कागदातच धरा." ही आमच्या मासळी विकणाऱ्या बायकांची पुढारीण. तिच्या तोंडाला कोण लागणार? तू तक्ता काढ, मी बघतो.

तुझा,
तुळशीदासमामा

---

अंधेरी,
६ डिसेंबर १९८७

ती. मामांस नमस्कार.

झालं तुमचं काम. तीन शनिवार गेले. पंचांगातल्या वर्षभराच्या तिथी मी एकेक करून मशीनला दिल्या आणि तुमची पाऊणपट शिकवली. सोबत जानेवारी ते मार्च अशी तीन पानं आहेत. प्रत्येक दिवसाला एक चौकट, तिच्यात भरतीची वेळ, आणि खाली दांड्यावर पाणी कधीपासून कधीपर्यंत. आमच्या मशीनला मराठी येत नाही, म्हणून आकडे इंग्रजी आहेत. महिन्यांची नावं तुम्ही हाताने लिहा.

एक गंमत सांगते. मी लिहिलेलं मशीनच्या भाषेत करायला कंपायलर म्हणून एक असतो. सरळ चूक दिसली तर तो एरर देतो आणि काम अडवून धरतो. नुसती शंका आली तर वॉर्निंग देतो, पण काम करून देतो. तुमच्या तक्त्यावर त्याने त्रेसष्ट शंका काढल्या. लग्नघरातल्या थोरल्या आत्यासारखा आहे अगदी. हे इथे का ठेवलं, ते उघडं का. त्यातल्या बऱ्याच तर छपाईसाठी मी उसन्या घेतलेल्या नंदकुमारसाहेबांच्या जुन्या कोडवरच्या होत्या, जे गेली दोन वर्षं झकास चाललंय. साहेबांचा नियम असा, की एररला उत्तर द्यायचं, वॉर्निंगला नाही. एक खूण केली की वॉर्निंग दिसायच्या बंद होतात. मी ती केली आणि शांतता झाली.

आमच्यात उत्तरा म्हणून एक आहे, ती एकटी सगळ्या शंका वाचते, पट्टी धरून, एकेका ओळीवर. आम्ही तिला परीक्षकबाई म्हणतो. तिचं काम नेहमी सर्वांच्या मागून संपतं.

क्षयतिथीचं तुम्ही फारच मोघम लिहिलंय. त्याची जागा मी सोडून ठेवली आहे. तुम्ही नीट कळवा, मग भरते. तोवर ही तीन पानं डोळ्यांत तेल घालून तपासा. समुद्राचं मला काही कळत नाही, ते तुम्हीच बघायचं.

नलिनी

---

मनोरी,
२० डिसेंबर १९८७

चि. नलिनीस आशीर्वाद.

तुझी तीन पानं तपासली. एका मांडीवर पंचांग, दुसऱ्या मांडीवर तुझा कागद, असा दोन दिवस बसलो होतो. तुझी मामी म्हणाली, एवढा अभ्यास शाळेत केला असतात तर आज कलेक्टर असता.

बरोबर आहे. पाऊणपट कुठे चुकलेली नाही, भांगाचे दिवसही बरोबर धरले आहेस. क्षयाचं म्हणशील तर त्या दिवशीच्या चौकटीतही वेळ छापलेली आहे, तेव्हा तेही झालंच म्हणायचं. तू वर्षभराची पानं पाठव, मी मार्व्याला नेऊन झेरॉक्स काढून घेतो.

अंजनाबाईने कागद उलटासुलटा करून बघितला आणि काही बोलली नाही. हा माझ्या मते मोठाच विजय आहे. दशरथ तर तक्ता कधी मिळतो म्हणून दोनदा येऊन गेला. म्हणतो, गिरणीत असंच असायचं, बोर्डावर लावलेलं वाचायचं आणि त्याप्रमाणे चालायचं. त्याच्या तोंडावर इतकं समाधान मी पहिल्यांदा बघितलं.

गावात मी सगळ्यांना सांगितलं, आमच्या रत्नप्रभाच्या मुलीने केलंय.

मामा

---

अंधेरी,
२७ डिसेंबर १९८७

ती. मामांस नमस्कार.

वर्षाची बाराही पानं सोबत आहेत. तुम्ही तपासलंत म्हणजे माझी काळजी मिटली. पुढचे दोन महिने ऑफिसात मान वर करायला वेळ नाही, नवीन गिऱ्हाईक आलंय. तेव्हा पत्राला उशीर झाला तर रागावू नका. आईची तब्येत बरी आहे. सुकट संपली असं सुचवायला सांगितलंय तिने.

नलिनी

---

मनोरी,
१२ फेब्रुवारी १९८८

चि. नलिनीस आशीर्वाद.

वाईट बातमी आहे. माणसं जिवंत आहेत, हे आधी लिहितो.

मंगळवारी, ९ तारखेला, बर्फाची बोट दांड्यावर आपटली. सव्वादोन वाजून गेल्यावर दशरथ निघाला. बरोबर माणिक खलाशी होता. पाणी चढत होतं, पण अजून पुरेसं नव्हतं. बोटीचं तोंड वाळूत रुतलं, लाटेने तिला आडवी केली, आणि मग येणारी प्रत्येक लाट तिला उचलून आपटत राहिली. तळाच्या फळ्या सुटल्या. मागून भरती आली ती फुटक्या बोटीत शिरली. माणिकचा पाय बर्फाच्या पेटीखाली सापडून मांडीत मोडला. आमच्या रामचंद्राने होडी नेऊन दोघांना काढलं. माणिक बोरिवलीला हॉस्पिटलात आहे. डॉक्टर म्हणतात, चालेल, पण बोटीवर जाणार नाही. इंजिन गेलं, बोट गेल्यात जमा.

बुधवारी बैठक झाली. सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं. तक्ता कॉम्प्युटरने काढलेला, सव्वा महिन्यात एकदाही चुकला नाही, तेव्हा चुकला तो माणूसच. कोणीतरी म्हणालं, प्यायला असेल. तो पीत नाही. तो परत परत एवढंच म्हणत होता, "तक्त्यात सव्वादोन लिव्हलंय." कोणी उठून तक्त्याकडे बघितलं नाही. 'नशेत बोट चालवली' असं इतिवृत्तात लिहिलं गेलं आणि त्याला कामावरून काढला. खोली आठवड्यात सोडायची आहे.

तुझ्या तक्त्याला कोणी नाव ठेवलेलं नाही. तू काळजी करू नकोस.

मामा

---

अंधेरी,
१६ फेब्रुवारी १९८८

ती. मामांस,

तुमचं पत्र वाचल्याबरोबर मी माझ्याकडचं फेब्रुवारीचं पान काढलं. ८ तारखेला पंचमी, भरती पावणेचार, दांड्यावर पाणी सव्वादोनपासून. ९ तारखेला परत तेच, पावणेचार आणि सव्वादोन. पंचांग उघडलं. ९ तारखेला षष्ठी आहे आणि सप्तमीचा क्षय.

मामा, दशरथ बरोबर बोलत होता. चूक माझी आहे.

काय झालं ते सांगते. प्रोग्रॅममध्ये वेळ ठेवायला एक जागा असते, डबा समजा. साधी तिथी असेल तर गणित करून वेळ डब्यात टाक, असं मी लिहिलं. क्षय असेल तर काय करायचं, ते तुमचं उत्तर आल्यावर लिहिणार होते आणि राहून गेलं. पण छापायची वेळ आली की मशीन डबा उघडतेच. आत काही नवं टाकलेलं नाही, हे तिला कळत नाही. आदल्या दिवशीची वेळ तशीच पडून होती, तीच तिने छापली. सगळ्या क्षयांच्या दिवशी असंच झालंय. वर्षात तेरा चौकटी खोट्या आहेत.

काल उत्तराला सगळं सांगितलं. तिच्याकडे एक तपासनीस प्रोग्रॅम आहे. तो आपला प्रोग्रॅम चालवत नाही, नुसता वाचतो, आणि कुठे काय सुटलंय ते सांगतो. मिनिटभरात त्याने यादी दिली. तिच्यात लिहिलं होतं: ओळ २१२, हा डबा भरण्याआधी वापरला जाण्याची शक्यता आहे. उत्तराने त्या ओळीखाली पट्टी धरली आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्यापेक्षा रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आणि एक लिहायलाच हवं. कंपायलरच्या त्या त्रेसष्ट शंकांमध्ये ही होती. ती मी डिसेंबरात वाचली होती. वाचून मनाशी म्हटलं, हो, ठाऊक आहे, मामांचं उत्तर यायचंय. आणि मग बाकीच्यांबरोबर तीही बंद केली. त्रेसष्टातल्या पन्नास-साठ खरोखरच फालतू होत्या, मामा. ही नव्हती. दिसत राहिली असती तर दर वेळी मला टोचली असती.

बैठकीत सांगा, तक्ता चुकला. माझं नाव घेऊन सांगा. दशरथची खोली काढून घेऊ नका.

नलिनी

---

मनोरी,
२० फेब्रुवारी १९८८

चि. नलिनीस आशीर्वाद.

पत्र वाचलं. घरात कोणाला दाखवलं नाही.

तू शिकलेली आहेस, पण गाव तुला ठाऊक नाही. आज मी उठून म्हटलं की तक्ता खोटा, तर उद्या बाराही पानं फाडून चुलीत घालतील. पुढच्या वर्षी कोणी काही नवं आणायचं नावच काढणार नाही. अंजनाबाईला तर वर्षभराचा विषय मिळेल. संस्थेची निवडणूक शिमग्यानंतर आहे. तुझ्या आईचं नाव या गावात निघतं ते चांगल्या कामाला निघतं, ते तसंच राहावं असं मला वाटतं.

दशरथ हुशार मेकॅनिक आहे, त्याला कुठेही काम मिळेल. खोली त्याने सोडली. मी रामचंद्राला सामान फेरीपर्यंत पोचवायला पाठवला होता.

मशीनच बिघडली असेल, असं नाही का होत? वीज कमीजास्त होते. तू उगाच स्वतःवर घेऊ नकोस. क्षयाच्या दिवशीच्या वेळा मी आता पेनने दुरुस्त करून ठेवतो, म्हणजे विषय संपला.

इकडे येण्याची घाई करू नकोस.

मामा

---

अंधेरी,
२४ फेब्रुवारी १९८८

ती. मामांस,

मशीन बिघडलेली नाही. मशीनने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ते तिच्यावर ढकलू नका.

काल रजा टाकून बोरिवलीला गेले होते. आधी माणिकला भेटले, पाय वर बांधलाय. दशरथचा पत्ता त्यानेच दिला. सुलक्षणावहिनींच्या भावाच्या घरी एका खोलीत आठ माणसं आहेत. मुलीची शाळा बंद आहे, कारण शाळा मनोरीला. काम काही मिळालेलं नाही. 'नशेत होता' हे त्याच्या आधी सगळीकडे पोचलंय. मढला एका बोटमालक नाखव्याने त्याला दारातूनच परत पाठवला.

मी कोण ते सांगितलं आणि चूक कशी झाली तेही सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. त्याने ट्रंकेतून फेब्रुवारीचं पान काढलं, पाण्याने फुगलेलं, आणि ९ तारखेवर बोट ठेवून बायकोला म्हणाला, "बघ, मी म्हटलंय ना तुका." तेवढंच. वहिनी रडायला लागल्या. म्हणाल्या, माणूस खरं बोलतोय हे मला ठाऊक होतं, पण पंधरा दिवस मी रोज त्याच्या तोंडाचा वास घेत होते.

निघताना त्याने विचारलं, "मामांका ह्या आधी ठावक होता काय?" मी म्हटलं, नाही, त्यांना माझ्या पत्रातूनच कळलं. ते खरं आहे ना?

दुसरी गोष्ट. दुरुस्तीचं नंदकुमारसाहेबांना विचारलं. म्हणाले, सोपं आहे, प्रत्येक दिवसाच्या सुरुवातीलाच डब्यात शून्य टाकून ठेव, वॉर्निंग जाईल. मी टाकलं. कंपायलर गप्प, उत्तराचा तपासनीसही गप्प. मग पान छापून बघितलं, तर सगळ्या क्षयांच्या दिवशी भरती शून्य वाजता, म्हणजे रात्री बाराला. शंका मिटली आणि तक्ता आधीपेक्षा जास्त खोटा झाला. म्हणजे त्याचं तोंड बंद करणं हे उत्तर नव्हे. जागा रिकामी आहे एवढंच त्याला कळतं. तिथे काय लिहायचं ते आपल्यालाच ठरवायचंय, आणि ते मला अजून ठाऊक नाही. साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, बघू. त्या दिवसापासून माझ्या मशीनवर वॉर्निंग चालू आहेत, त्यांना आवडो न आवडो.

सोबत दुसरं पत्र आहे, संस्थेच्या नावाने. त्यात सगळं लिहिलंय, सही केली आहे. रविवारच्या बैठकीत ते वाचून दाखवा. नाही वाचलंत तर त्याच्या पुढच्या रविवारी मी पहिल्या फेरीने येऊन स्वतः सांगेन. आईला सगळं ठाऊक आहे. तिने तुमच्यासाठी निरोप दिलाय, पण तो मी लिहीत नाही.

नलिनी

---

मनोरी,
२९ फेब्रुवारी १९८८

चि. नलिनीस आशीर्वाद.

काल बैठक झाली. तुझं पत्र मी वाचलं, एक शब्द गाळला नाही. रामचंद्राला शनिवारीच बोरिवलीला पाठवून दशरथला बोलावून घेतलं होतं. तो मागे दाराजवळ उभा होता, बसा म्हटलं तरी बसला नाही.

पत्र संपल्यावर कोणीतरी म्हणालं, पोरीची चूक झाली, होते, चेअरमन काय करणार? सगळ्यांनी माना हलवल्या. मला सुटायला वाट मिळाली होती. मी ती घेतली नाही, एवढं तुझ्या आईला सांग.

मी घरून जानेवारीचं पान नेलं होतं. डिसेंबरात तू तपासायला पाठवलेलं, तेच. ते मी सगळ्यांसमोर उघडलं. १२ आणि १३ जानेवारीच्या चौकटींवर पेन्सिलीची फुली आहे. ती माझी आहे, मी तपासताना मारलेली. दोन्ही दिवशी एकच वेळ छापली होती. दोन दिवस लागोपाठ भरती एकाच वेळी कधी येत नाही, नलिनी. हे मला सहाव्या वर्षापासून ठाऊक आहे. फुली मारली, आणि मग विचार केला की ही मोठी मशीन आहे, परदेशी लोकांची कामं करते, तिला आपल्यापेक्षा जास्तच कळत असेल. तुला विचारलं तर म्हणशील, मामा आता म्हातारा झाला. म्हणून लिहिलं, बरोबर आहे. १३ जानेवारीला इंजिनाचं काम निघालं म्हणून बोट निघालीच नाही, आणि मी ते विसरून गेलो. खरं म्हणजे विसरलोही नाही. तुला मागचं पत्र लिहिताना ती फुली माझ्या डोळ्यांसमोर होती.

तू दशरथला सांगितलंस की मामांना ठाऊक नव्हतं. ते खोटं निघालं, आणि तुझ्या तोंडून मी ते वदवलं. याची मला लाज वाटते.

बोलून मी खाली बसलो. मग अंजनाबाई म्हणाली, "लिव्हलंय ते आदी खोडा." इतिवृत्ताचं पुस्तक आणलं. 'नशेत बोट चालवली' ही ओळ मी खोडली आणि शेजारी सही केली. दशरथ पुढे आला, खोडलेलं नीट वाचलं, आणि मगच खुर्चीवर बसला.

बोट दुरुस्त होईल तेव्हा कामावर ये आणि खोलीही परत घे, असं सगळ्यांच्या वतीने त्याला सांगितलं. तो म्हणाला, मुलीची परीक्षा होईपर्यंत खोली द्या, तिची शाळा इथे आहे. बोट नको. त्या दांड्यावरून जायला आता त्याचा हात उचलणार नाही. मढच्या त्या नाखव्याकडे मी स्वतः जाणार आहे, इंजिनदुरुस्तीच्या कामासाठी. तिथे काय सांगायचं ते मला ठाऊक आहे.

तक्ता फाडायचं अजून कोणी म्हणालेलं नाही. निवडणुकीला मी उभा राहत नाही.

तू विचारलं होतंस, क्षयाच्या चौकटीत काय लिहायचं. मी पेनने वेळा घालायला घेतल्या होत्या, नंतर वाटलं, मी तरी त्या आधी वर्षभर कशा सांगणार, पाणी बघितल्याशिवाय. म्हणून फेरीपर्यंत सोडायला गेलो तेव्हा दशरथलाच विचारलं. तो म्हणाला, "काय्येक लिव नका, मामा. कोरी ठेवा. कोरी दिसली असती तर मी इचारूक इलो असतो. छापलेला होता, म्हणान गेलंय."

बाय, तुझ्या मशीनला तेवढं शिकव, आणि उरलेल्या महिन्यांची पानं नवी छापून पाठव. या खेपेला मी तपासेन तेव्हा फुली मारलेला कागदच तुला परत पाठवीन.

तुझा,
तुळशीदासमामा